नानांच्या पेशी

नानांच्या लिव्हरमधली गाठ सापडली ती पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत. खडे नव्हतेच. बुरहानपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या एका काळसर गोलावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ये देखिए. हे इथे नको होतं." नानांनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. मग शर्टाच्या गुंड्या लावत विचारलं, "मुंबईला जावं लागेल का?" डॉक्टर म्हणाले, लागेल.

नाना म्हणजे माझे वडील. घरात आणि बाहेरही सगळे त्यांना नानाच म्हणत, दुकानात येणारे शेतकरीसुद्धा. त्यांचं औषधांचं दुकान होतं. औषध म्हणजे फवारायचं औषध. आमच्या भागात कीटकनाशकाला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. जैनाबादकडचे लोक तापीचा पूल ओलांडून सकाळीच यायचे. कुणाच्या हातात किडलेलं बोंड, कुणाच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा. नाना ते उजेडात धरायचे, उलटं करून बघायचे, आणि मागे न वळताच हात लांब करून फळीवरचा डबा काढायचे. "हे मार. आठवड्याने मला येऊन सांग." बघू या, कदाचित, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या त्या ठामपणासाठीच लोक लांबून यायचे. डब्याचं झाकण उघडून नुसत्या वासावरून ते असली माल आणि नकली माल ओळखत. त्यांच्या शर्टांना, उशीच्या अभ्र्याला, त्यांनी वाचून ठेवलेल्या पेपरालाही तो वास असे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच वडिलांना असा वास येत असेल.

दुकानात त्यांच्या बरोबरीने दादा, माझा मोठा भाऊ, बसायचा. मी गावातच दिलेली. माझं सासर सिंधीपुऱ्यात, आणि मी एका हिंदी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात 'कोशिका' म्हणते, घरी आल्यावर 'पेशी'. मुंबईला कुणी जायचं याची चर्चा झालीच नाही. दादाला हंगामात दुकान सोडता येत नव्हतं, डॉक्टरांची भाषा मला थोडी कळत होती, आणि आई नानांना एकटं सोडणार नव्हती. आम्ही तिघं बुरहानपूरच्या लालबागमधल्या स्टेशनवरून गाडीत बसलो.

मुंबईच्या सर्जननी सगळे रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला तो दारूचा. नाना म्हणाले, कधीच नाही. मग काविळीचा. तीही नाही, रक्ताच्या तपासणीतही काही निघालं नव्हतं. "बाकीचं लिव्हर चांगलं आहे," सर्जन म्हणाले. "त्यामुळे कापून काढता येईल."

मी विचारलं, "मग गाठ कशामुळे झाली?"

"प्रत्येक वेळी कारण सापडत नाही."

"यांचं कीटकनाशकांचं दुकान आहे. त्याने होऊ शकते का?"

सर्जननी नानांकडे पाहिलं. "होऊ शकते असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि होणार नाही असं म्हणायलाही नाही." बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, "दुकानाचं कशाला काढलंस? गल्ल्यावर बसून गाठ होत असती तर अख्खा बाजार आडवा झाला असता."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात एक मुलगी आली. तिशीच्या आतली असेल, साधा पंजाबी ड्रेस, पांढरा कोट घडी करून हातावर टाकलेला. ती डॉक्टर नव्हती, त्याच आवारातल्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. स्टूल ओढून ती नानांच्या डोळ्यांसमोर बसली.

"काका, उद्या गाठ काढताना तिच्याभोवतीचा थोडा चांगला भागही काढावा लागतो. त्यातला तपासणीला लागतो तेवढा तपासणीवाले घेतात. उरलेला टाकून देतात. तो टाकण्याऐवजी आम्हाला द्याल का?"

"तुम्ही त्याचं काय करता?"

"त्यातल्या पेशी सुट्या करतो आणि ताटलीत जगवतो. मग त्यांच्यावर वेगवेगळी रसायनं घालून बघतो. कोणतं रसायन गाठ वाढायला मदत करतं ते शोधतो."

"गाठ कशाने होते ते?"

"नाही, वाढायला कशाने मदत होते ते." तिने हे पुष्कळदा सांगितलं असावं, तरी कंटाळा दिसला नाही. "गाठ सुरू करणारी रसायनं वेगळी. ती पेशीच्या आतला मजकूरच, म्हणजे तिचा डीएनए, बिघडवतात. त्यांच्या तपासण्या बऱ्याच आहेत. ही दुसरी जात स्वतः काही बिघडवत नाही. पण कुठे एखादी बिघडलेली पेशी गप्प पडून असेल, तर तिला वाढायला वाव देते. ती पकडायला अवघड."

आईला एवढंच कळलं की ही मुलगी काहीतरी मागते आहे. तिने मला विचारलं. मी म्हटलं, यकृताचा तुकडा मागते. आईने तो शब्द मनात फिरवून पाहिला.

"म्हणजे काळीज," ती म्हणाली.

"हो, पण तसं नाही गं. एवढासा तुकडा. तो तसाही निघणारच आहे."

"काळीज मागते ती, आणि तू म्हणतेस तसं नाही." मग त्या मुलीकडे वळून ती म्हणाली, "माणसाने देवाघरी पुरतं जावं, बाई."

मुलगी जराशी गोंधळली. "मावशी, तुम्ही नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. ऑपरेशन जसं व्हायचं तसंच होईल. माझी काही जबरदस्ती नाही."

नाना तिच्या हातातला कागद वाचत होते. दुकानातली कंपन्यांची पत्रकंही ते अशीच वाचत, खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. वाचून झाल्यावर आईला म्हणाले, "गाठ काही मी घरी नेणार नाही. तिच्या बाजूचं नेऊन तरी काय करू?" आणि त्यांनी सही केली. आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही, पण डाळिंबाचे दाणे सोलून वाटी मात्र त्यांच्या हातात दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर पहिले एक-दोन दिवस नाना दुखण्याशिवाय कशावरच बोलत नव्हते. नळ्या निघाल्या, थोडं पाणी जायला लागलं, तेव्हा एका सकाळी मला म्हणाले, "त्या पोरीला विचार ना. जगल्या का?"

"काय?"

"पेशी. माझ्या."

मला वाटलं गुंगीत आहेत. पण ती मुलगी स्वतःच चौकशीला आली, तेव्हा त्यांनी तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "जगल्या काका. छान चिकटल्यात ताटलीला. सगळ्यांच्या जगत नाहीत."

नानांचा चेहरा खुलला. ऑपरेशननंतर प्रथमच. "बघता येतील?"

असं सहसा कुणी मागत नसावं. तिने सर्जनना विचारलं, तिच्या वरिष्ठांना विचारलं. नमुन्यांवर रुग्णाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो, असंही तिने सांगितलं. पण त्या आठवड्यात त्यांच्याकडे एकच नमुना आलेला होता. शेवटी परवानगी मिळाली. "लवकर यायला हवं मात्र," ती म्हणाली. "ताटलीत जास्त दिवस राहिल्या की यकृताच्या पेशी आपलं काम विसरत जातात. दिसतातही वेगळ्या."

चाकांच्या खुर्चीत बसवून आम्ही नानांना नेलं. आई आली नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, फ्रिजसारखी कपाटं, आणि सगळीकडे मंद घुर्र आवाज. त्या मुलीने एका कपाटातून बशीएवढीही नसेल अशी, पारदर्शक झाकणाची ताटली काढली. आत गुलाबी पाणी होतं. तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि नानांना वाकायला त्रास होऊ नये म्हणून चित्र शेजारच्या पडद्यावर आणलं.

मी शाळेत वर्षानुवर्षं कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी दाखवत आले आहे. ह्या तशा नव्हत्या. जाडसर, अनेक कोनांच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या, आणि दोघींमधली कड मोत्यासारखी चमकणारी. काहींच्या पोटात एकाऐवजी दोन केंद्रकं होती. मी नानांना म्हणणार होते की बघा, हे असं, तसं. पण ते चष्मा वर सरकवून एकेक पेशी बघत होते, म्हणून मी ते राहू दिलं.

"आत्ता जिवंत आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्याविना."

"त्यांना खायला देतो आम्ही. ते पाणी म्हणजे त्यांचं खाणंच." तिने ताटली जराशी सरकवली. "काही दिवसच राहतील त्या, काका. वाढत नाहीत. आहेत तेवढ्याच."

मग तिने कामाबद्दल सांगितलं. यकृतातल्या पेशी शेजारणींशी जोडलेल्या असतात. दोघींच्या मध्ये अतिशय बारीक वाटा असतात आणि त्यांतून एकीकडचं दुसरीकडे सतत जात असतं. त्या देवघेवीमुळे सगळ्या एका शिस्तीत राहतात, कुणी आपल्याच मनाने वाढत सुटत नाही. काही रसायनं ह्या वाटा बंद करतात. म्हणून ती ताटलीत पेशींवर पात्याने एक रेघ ओढते आणि वर चमकणारा रंग घालते. कापल्या गेलेल्या पेशींत रंग शिरतो, आणि वाटा उघड्या असतील तर तिथून शेजारणीकडे, तिच्याकडून पुढच्या शेजारणीकडे असा पसरतो. वाटा बंद असतील तर रेघेपाशीच अडतो.

तिने संगणकावर दोन चित्रं लावली. पहिल्यात मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना हिरवा उजेड लांबवर पसरला होता. दुसऱ्यात नुसती एक बारीक हिरवी रेघ आणि बाकी सगळा अंधार.

"ह्या दोन्ही उंदराच्या यकृताच्या पेशी आहेत. त्या आम्हाला हव्या तेव्हा मिळतात. पहिल्यात काही घातलं नाही. दुसऱ्यात एक रसायन घातलंय."

"कोणतं?"

तिने एक लांबलचक नाव सांगितलं. मला ते अनोळखी होतं. डब्यावर ते अगदी बारीक अक्षरांत, कंसात छापलेलं असतं हे मला नंतर कळलं. नानांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. आणि म्हणाले, "बोंडअळीवर मारतात ते."

"हो. तुम्हाला माहीत आहे?"

"मी विकतो," नाना म्हणाले. "दुकान घातलं तेव्हापासून."

ती मुलगी घाईने म्हणाली, "काका, हे उंदराचं आहे. उंदराच्या पेशीत झालं म्हणजे माणसात तसंच होतं असं नाही. ताटलीत झालं म्हणजे शरीरात होतं असंही नाही. म्हणून तर तुमच्या पेशी मागितल्या. त्यांच्यावर हेच घालून बघायचंय. अजून बघितलेलं नाही."

"घाला," नाना म्हणाले. "मग मला कळवा."

"असं कुणाला कळवत नाही आम्ही."

"मला कळवा."

वॉर्डात परत आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. आईने विचारलं, काय दाखवलं? मी सांगितलं, पेशी दाखवल्या. चांगल्या आहेत.

परतीच्या गाडीत नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. भुसावळ मागे पडल्यावर केळीचे मळे सुरू झाले, तसे ते म्हणाले, "वासावरून ओळखायचो मी. झाकण उघडून नाक लावायचो." मी म्हटलं, नाना, आपल्याला अजून काहीच माहीत नाही. ते म्हणाले, "तेच तर."

पोटाची जखम भरून ते दुकानात बसायला लागले तेव्हा कपाशीचे दिवस आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या औषधाचे लाल डबे फळीवरून काढायला लावले आणि मागच्या खोलीत ठेवायला सांगितले. दादाने काढले, कारण नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाशी वाद कोण घालणार. पण संध्याकाळी तो माझ्या घरी आला.

"काय दाखवलंत तुम्ही त्यांना तिकडे?" तो म्हणाला. "उंदराच्या पेशी म्हणे. सरकारने बंद केलं नाही, कंपनी बनवू राहिली, आख्खा जिल्हा वापरतो. आपणच तेवढे शहाणे?"

"ते काय म्हणतात?"

"कळेपर्यंत विकायचं नाही म्हणतात. कळणार कधी?"

दादा वाईट माणूस नाही. तोही त्याच दुकानात, त्याच वासात मोठा झाला होता. मला वाटतं त्याला माल पडून राहण्यापेक्षा दुसरीच भीती होती. त्या डब्यांत काही असेल तर ते त्याच्याही अंगात होतं, आणि त्याच्या मुलांच्याही.

गिऱ्हाइकांना फार फरक पडला नाही. नानांनी नाही म्हटलं की चार दुकानं सोडून मिळत होतं. नाना त्यांना दुसरं औषध सुचवत, तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला म्हणत. लोक मान हलवत आणि जात.

तीन महिन्यांनी तपासणीला पुन्हा मुंबईला जायचं होतं. या वेळी दादाही आला. तो नक्की कशासाठी आला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नानांनी त्या मुलीसाठी दराब्याचा, आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा बरोबर घेतला. सर्जननी फोटो बघून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि मग आम्ही प्रयोगशाळेच्या इमारतीखालच्या बाकावर तिची वाट बघत बसलो.

तिने दराबा घेतला, आईची चौकशी केली. नाना म्हणाले, "सांगा आता."

"तुमच्या पेशींत रंग पसरला, काका. ते रसायन घातलं तरी पसरला. उंदराच्यात अडला होता तेवढ्याच प्रमाणात घातलं, त्याहून जास्तही घालून बघितलं. वाटा उघड्याच राहिल्या."

दादाने मोठा श्वास सोडला. "मग काही नाही त्यात."

"असं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "उंदीर आणि माणूस यांच्यात फरक पडू शकतो, एवढंच म्हणता येईल."

नानांनी विचारलं, "किती माणसांच्या पेशींवर बघितलं?"

"तुमच्याच. नंतर आणखी दोघांनी दिल्या होत्या. पण त्या ताटलीला चिकटल्याच नाहीत."

"म्हणजे एकाच माणसाच्या."

"हो."

नाना विचार करत होते. दुकानात एखादं पान उजेडात धरून बघावं तशी त्यांची नजर झाली होती. "मी आयुष्यभर त्या औषधाजवळ बसलो. माझ्या पेशींना सवय झाली असेल का? दुसऱ्या कुणाच्या, नव्या माणसाच्या पेशी असत्या तर अडला असता का रंग?"

"असू शकतं," ती म्हणाली. "लिव्हर तसं शिकतं काही गोष्टी. पण इथे तसं झालंय की नाही ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, काका."

"आणि माझी गाठ?"

"त्याबद्दल ह्या प्रयोगातून काहीच कळत नाही."

नानांनी मान हलवली. मग आईने सांगून पाठवलेली गोष्ट मी विचारली. पेशींचं पुढे काय झालं? ती म्हणाली, काम झाल्यावर औषध घालून निकामी केल्या आणि नियमाप्रमाणे जाळायला पाठवल्या. घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जाळलं ना? मग ठीक आहे." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

बुरहानपूरला आल्यावर दादाला वाटलं डबे परत फळीवर जातील. तो म्हणाला, "नाना, तुमच्या स्वतःच्याच काळजाने सांगितलं की. आणखी काय पाहिजे?"

"माझ्या काळजाने माझ्यापुरतं सांगितलं," नाना म्हणाले. "फवारणारा कोण असतो? मी असतो का? तो जैनाबादचा शेतकरी पंप पाठीला लावून उघड्या अंगाने फिरतो. त्याच्या काळजाला कुणी विचारलं?"

"म्हणजे विकायचं नाही."

"मी बसतो तोवर नको. तू बसशील तेव्हा तुझं तू बघ."

त्यानंतर नानांच्या बोलण्यात जो फरक पडला तो मी स्वतः पाहिला. एका रविवारी मी दुकानात बसले होते. जैनाबादचा एक जुना शेतकरी आला, नानांच्याच वयाचा. त्याने तेच औषध मागितलं. नाना म्हणाले, ठेवत नाही.

"काहून? बंद झालं का?"

"बंद नाही झालं. मुंबईला त्याची तपासणी चालू आहे. उंदराच्या पेशींत वाईट निघालं. माझ्या पेशींत काही निघालं नाही. बाकीच्यांचं माहीत नाही."

शेतकरी हसला. "तुमच्या पेशींत? ते कसं काय?"

नानांनी त्याला सगळं सांगितलं. सोनोग्राफीपासून. ऑपरेशन, ताटली, रेघ, हिरवा रंग. समोरच्या माणसाला किती समजतंय याची पर्वा न करता. तोही बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "नाना, मग मी मारू की नको मारू, ते सांगा ना. तुम्ही नेहमी सांगता."

"मला माहीत नाही."

"तुम्हालेच माहीत नाही तर आम्ही कोणाले विचारावं?"

शेतकरी रामराम करून उठला. तो चार दुकानं पलीकडे गेला की घरी, ते मी पाहिलं नाही. नानांनीही मान वळवून पाहिलं नाही. ते इतके थकलेले दिसले की मी चहा मागवला.

त्यांचं गिऱ्हाईक त्या हंगामात कमी झालं. भीतीने नाही, त्या औषधाला कुणी घाबरलं नव्हतं. लोक त्यांच्याकडे ठाम उत्तरासाठी यायचे आणि आता ते प्रत्येक डब्यापाशी थांबत होते. हे मला नीट माहीत आहे, ह्याचं ऐकीव आहे, हे कंपनीवाला म्हणतो, असं करत त्यांचं चालायचं. दादा चिडायचा. मला मात्र तेव्हा ते पूर्वीपेक्षा जवळचे वाटायला लागले होते. लहानपणी ज्या माणसाला सगळं ठाऊक आहे असं मला वाटे, त्याच्याशी मी फारसं बोललेच नव्हते. आता ते संध्याकाळी सिंधीपुऱ्यात माझ्याकडे येत, माझं विज्ञानाचं पुस्तक मागून घेत आणि 'कोशिका' हा धडा हळूहळू, बोट ठेवून वाचत. "यात वाटांचं काही दिलेलं नाही," एकदा म्हणाले. मी म्हटलं, आठवीला एवढंच असतं.

पुढच्या वर्षी थंडीत गाठ परत आली. या वेळी एक नव्हती, आणि कापता येण्यासारखी नव्हती. मुंबईला ते पुन्हा गेले नाहीत. शेवटचे आठवडे आईच्या खोलीत खाटेवर होते. दादा दुकान अर्ध्या दिवसावर बंद करून येऊन त्यांचे पाय चेपत बसायचा. एका दुपारी नाना त्याला म्हणाले, "तू रक्त तपासून घे. लिव्हरचं. पोरांचंही." दादा हो म्हणाला आणि पाय चेपत राहिला. त्याने ते खरोखर केलं, आणि सगळं ठीक निघालं, हे नाना असतानाच त्यांना कळलं. तेवढं बरं झालं.

तापीकाठच्या राजघाटावर त्यांना पोहोचवलं तेव्हा पुष्कळ लोक आले होते. त्यांत जैनाबादचेही होते. तापीला पाणी कमी होतं.

दिवसकार्य झाल्यावर दादाने दुकान उघडलं आणि काही आठवड्यांनी मागच्या खोलीतले लाल डबे फळीवर आणून ठेवले. मला राग आला, पण नानांनीच त्याला सांगितलं होतं, तुझं तू बघ.

मी त्या मुलीला नाना गेल्याचं कळवलं होतं. तिने फोन केला, बराच वेळ बोलली. नंतर कधीतरी उन्हाळ्यात तिचा पुन्हा फोन आला. मधल्या काळात आणखी काही जणांच्या पेशी मिळाल्या होत्या. बहुतेकांच्यात रंग पसरला. एका बाईच्या पेशींत तो पसरला, पण कमी. पूर्ण अडला नाही, बाकीच्यांसारखा लांबही गेला नाही. "याचा अर्थ काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "एकीच्यावरून अर्थ काढता येत नाही. अजून पाहिजेत. मी फक्त तुम्हाला सांगावं म्हणून सांगितलं."

मी ते दादाला सांगायला दुकानात गेले. तो एका गिऱ्हाइकाला पावडर देत होता. माझं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "ती बाई शेतातली होती का?"

"नावगाव ते सांगत नाहीत."

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मला चहा पाजला, मुलांच्या परीक्षांचं विचारलं.

फळीवर होते ते डबे त्या हंगामात खपले. नंतर त्याने नवे मागवले नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, आजकाल मागणी नाही, लोक दुसरं मारतात. खरं असेलही. त्या जागी आता ठिबकच्या नळ्यांचे जोड आणि चाळण्या ठेवलेल्या आहेत. कपाशीच्या दिवसांत चार दुकानं पलीकडून लोक लाल डबे घेऊन जाताना दिसतात, आणि दादा आपला गल्ल्यावर बसलेला असतो.